नाव घालून छापून मिळणारं गोष्टीचं पुस्तक घ्यावं का? (आई, अम्मा, मामा सगळं एकाच घरात असणाऱ्यांसाठी रिव्ह्यू)

मुलाचं नाव, आईबाबांची चित्रं वगैरे घालून खास आपल्यासाठी छापून देतात ना ती गोष्टीची पुस्तकं, त्यातलं एक आम्ही इथे जर्मनीत मागवलं. बऱ्याच जणींनी विचारलं कसं आहे, घेऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण नंतर मी अजून दोन-तीन कंपन्यांचे फॉर्म उघडून बघितले आणि सगळ्यांची गत थोडीफार तीच आहे, मग एकीलाच कशाला बदनाम करा. पाचापैकी साडेतीन स्टार. कागदाला पाच, चित्रांना साडेचार, ऑडिओला एक, आणि कस्टमर केअरच्या बाईंना पाचात दहा.

आधी घरची हकीकत सांगते नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी सांगलीची, नवरा चेन्नईचा, राहतो श्टुटगार्टच्या बाहेर. (श्टुटगार्ट म्हणजे १९६८ पासून मुंबईची सिस्टर सिटी, ह्या नात्याचा आम्हाला आजवर काडीचा उपयोग झालेला नाही पण पाहुणे आले की सांगायला बरं पडतं.) मुलांशी मी मराठी, तो तमिळ, आमचं आमचं इंग्लिश, आणि दाराबाहेर सगळं जर्मन. एका पालकाने एकच भाषा बोलायची हा सल्ला इथे सगळेच देतात, तो काही आजचा नाही, झ्युल रोंझा नावाच्या फ्रेंच भाषातज्ज्ञाने १९१३ मध्येच स्वतःच्या मुलाचं असं सगळं टिपून छापलं होतं, बाप फ्रेंच बोलणार आणि आई जर्मन. त्याच्याकडे दोनच भाषा होत्या, सुटला. आमच्याकडे मुलगी चार वर्षांची आणि मुलगा दोनचा होत आलाय, आणि घरात मला नावं किती आहेत ते आत्ता विचारू नका, खाली येतंच आहे.

तर पुस्तक. वेबसाइटवर गेलात की पहिल्यांदा मुलाचं नाव, मग चेहरा जुळवायचा. इथे खरंच कष्ट घेतलेत. त्वचेचे रंग भरपूर आहेत आणि गोरं, कमी गोरं आणि उन्हात जाऊन आलेलं गोरं असला प्रकार नाही, आमच्या घरात चौघांच्या चार छटा आहेत त्या चारही सापडल्या. केस सरळ, कुरळे, दोन वेण्या, चष्मा, कानाचं मशीन, व्हीलचेअर, हिजाब सगळं आहे. टिकली नाही. मी रोज लावत नाही त्यामुळे माझं अडलं नाही, पण शेवटच्या पानावर आजीआजोबा येतात आणि तिथे कपाळ मोकळं असलेल्या आजीला बघून सासूबाईंनी शांतपणे विचारलं ही कोण बाई.

आईबाबांच्या जागी दोन आया, दोन बाबा किंवा एकटी आई, एकटे बाबा असं सगळं निवडता येतं. जर्मनीत ऑक्टोबर २०१७ पासून समलिंगी लग्नं होतात आणि फॉर्मला ते पक्कं माहितीये, कुठेही अडखळत नाही, हे मला खूप आवडलं. फक्त दोन आया निवडल्या की पहिलीच्या चौकटीत 'मामा' आणि दुसरीच्या चौकटीत 'मामी' असं आपोआप भरून येतं, जर्मनमध्ये दोन्हीचा अर्थ आईच. इथे दोन आयांच्या बऱ्याच घरांत तशीच पद्धत आहे त्यामुळे त्यांचं काही चुकलेलं नाही, पण मी स्क्रीनशॉट काढून भावाला पाठवला आणि त्याने तो फॅमिली ग्रुपवर टाकला, म्हणाला ताई बघ, ह्यांनी मला आणि बायकोला परस्पर आई करून टाकलंय. बिचाऱ्याचं आधीपासूनच चुकतंय सगळं. मुलगी नुकती किटामध्ये (म्हणजे इथलं पाळणाघर-बालवाडी) जायला लागली होती तेव्हा एकदा व्हिडिओ कॉलवर ती 'मामा, मामा' करून भोकाड पसरून रडत होती आणि हा तिकडून बाळा मी आहे ना, इथेच आहे मामा, असं म्हणत गहिवरला होता. तिला मी हवी होते.

आता गोष्ट. गोष्ट साधीच आहे. मूल सकाळी उठतं, घरात आई नाही, मग ते एका कोल्ह्याबरोबर तिला शोधायला निघतं, जंगल, नदी, बाजार, आणि प्रत्येक पानावर हाक मारतं, मामा, कुठेयस तू? शेवटी आई सापडते आणि ती का गेलेली असते ते सांगत नाही, घेणाऱ्यांचा रस जाईल. मुद्दा असा की अख्ख्या पुस्तकात मुलाच्या नावापेक्षा आईची हाक जास्त वेळा छापलेली आहे. जाहिरात होते 'तुमच्या मुलाच्या नावाचं पुस्तक' म्हणून, पण खरं तर ते तुमच्या हाकेचं पुस्तक आहे. म्हणजे ती एक चौकट नीट भरली गेली तर पुस्तक जमलं, नाहीतर बाकी चष्मे आणि वेण्या गेल्या उडत.

आणि ती चौकट म्हणजे, काय सांगू. 'मूल आईला काय म्हणतं?' असा प्रश्न, खाली यादी. मामा, मामी, मम्मी, मुट्टी, आणि 'इतर'. मुट्टी आता लहान पोरं फारशी म्हणत नाहीत, ते म्हटलं की लोकांना जर्मनीच्या आधीच्या चॅन्सेलर अंगेला मेर्केल आठवतात, त्यांना पेपरवाले मुट्टी म्हणायचे, तरी मुट्टी यादीत आहे. मी 'इतर' घेतलं आणि सरळ देवनागरीत 'आई' टाइप केलं. लाल रेघ. कृपया वैध अक्षरं वापरा. वैध म्हणजे रोमन ए ते झेड आणि वर जर्मनची ती डोक्यावर दोन टिंबं असलेली तीन अक्षरं आणि तो त्यांचा जोड-एस. देवनागरी १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत आलेली आहे, त्यामुळे कॉम्प्युटरला जमत नाही हे कारण मला सांगू नका. आणि 'आई' इतकं छापायला सोपं दुसरं काही नसेल, ना जोडाक्षर ना रफार, दोन सुटे स्वर शेजारी शेजारी. पण ठीके, नाही तर नाही. मग रोमनमध्ये दोन ए आणि एक आय असं लिहिलं, आपण सगळे लिहितो तसं, ते घेतलं.

इथेच वेबसाइटवर एक वाक्य होतं, साधारण अर्थ असा की जगातलं प्रत्येक बाळ पहिल्यांदा मामाच म्हणतं. हे मला जरा झोंबलं. १९५९ साली जॉर्ज मर्डॉक ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने जगभरच्या भाषांमधून आईवडिलांसाठीचे १०७२ शब्द गोळा करून छापले, आणि रोमान याकोब्सन ह्या भाषाशास्त्रज्ञाने त्यावर विचार केला की म, न असले नाकातले आवाज आईच्याच वाट्याला एवढे का येतात. त्याचं म्हणणं साधारण असं की बाळ दूध पिताना तोंड मिटलेलं असतं, तेव्हा जो आवाज निघू शकतो तो नाकातून, मग पुढे भूक लागली तरी तोच, आणि मग दूध देणारीलाही तोच. पण आकडे बघा, आईच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत हे नाकातले आवाज आहेत. म्हणजे ४५ टक्क्यांत नाहीत. आपली आई त्या ४५ मध्ये. आणि जॉर्जियन भाषेत तर मामा म्हणजे बाप, आईला ते देदा म्हणतात, तिथलं बाळ मामा म्हणालं तर खूश बाप होणार. जाहिरातवाल्यांना एवढं सगळं वाचायला वेळ नसतो हे मान्य, पण मग जगातलं प्रत्येक बाळ असं तरी लिहू नका ना.

छापील पुस्तक आलं ते छान आलं. जाड गुळगुळीत पानं, शिवण पक्की, कोपरे गोल, मुलाने चावून बघितलंय, रंग गेला नाही. रोमन 'आई' प्रत्येक पानावर मोठ्या टायपात. मला वाटलं झालं काम. पण मी वरचे चार युरो भरून ऑडिओ पण घेतलं होतं, मागच्या कव्हरवरचा कोड स्कॅन केला की एक मशीनचा आवाज गोष्ट वाचून दाखवतो आणि त्यात तुमचीच नावं घालतो. जर्मनमध्ये ए आणि आय शेजारी आले की उच्चार होतो 'आय', त्यांचं अंडं कसं 'आय' असतं तसाच. त्यामुळे त्या आवाजातली मुलगी जंगलभर फिरत 'आय! आय! कुठेयस तू?' करत होती.

आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, आपल्याकडे गावात आय म्हणतातच की, आणि आयला तर आपण सगळेच म्हणतो. बरोबर आहे. मी पण आधी हसलेच. पण मी सांगितलं ना नवरा चेन्नईचा. तमिळ घरात लहान मुलांच्या भाषेत 'आय' म्हणजे शी. म्हणजे आपण पोरांना शी आली का विचारतो तेव्हा ते 'आय' विचारतात. मराठी-तमिळ जोडप्यांना हा जोक पाठ असतो, आमच्या साखरपुड्यापासून चालू आहे. सासूबाईंनी तर मुलगी पोटात असतानाच सांगितलं होतं की बाकी तुमचं सगळं चालेल पण माझी नात आईला ते म्हणणार नाही. मग मी त्यांना आ आणि ई कसे वेगवेगळे म्हणायचे, ई कशी लांबवायची ते समजावलं होतं, चार वर्षांत त्यांची बऱ्यापैकी समजूत पटली होती, आणि नेमकं त्या रविवारी व्हिडिओ कॉल चालू असताना मुलीने टॅबवर ऑडिओ लावलं. जंगलात कोल्ह्याबरोबर फिरणारी माझी लेक जर्मन बाईच्या गोड आवाजात शी, शी, कुठेयस तू म्हणतेय आणि चेन्नईत शांतता. सासऱ्यांनी आधी तोंड फिरवलं, मग खांदे हलताना दिसले.

तक्रार करायच्या आधी नियम बघितले. इथे ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते, पण खास तुमच्या मापाने किंवा नावाने बनवून दिलेल्या वस्तूला तो हक्क लागू नाही, कायद्यातच तसं लिहिलंय, त्यामुळे आवडलं नाही म्हणून हे पुस्तक परत जात नाही हे लक्षात ठेवून ऑर्डर करा. वस्तूच सदोष निघाली तर गोष्ट वेगळी, ती दुरुस्त करून द्यावी लागते. पण माझं सदोष म्हणायचं की काय म्हणायचं, मशीनने जर्मन नियमाने अगदी बरोबरच वाचलेलं. म्हणून मेल न लिहिता फोन केला.

फोनवरच्या बाई झॅक्सनीच्या, बोलण्यावरून वयाने मोठ्या वाटल्या, आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर कस्टमर केअरच्या गप्पा त्यांच्याबरोबर झाल्या. मी म्हटलं मला 'आ' हवा आणि मग वेगळा 'ई' हवा. त्यांनी म्हणून बघितलं, बरोबर म्हणाल्या. मग आम्ही दोघी फोनवर बसून स्पेलिंगं बदलून बघत होतो, त्या तिकडे टाइप करणार, मशीनला वाचायला लावणार आणि मला फोनमधून ऐकवणार. मध्ये एच घालून बघितला तर 'आही' झालं. शब्दाच्या शेवटी रोमन ई अक्षर घालून बघितलं तर मशीनने 'आइए' असं काहीतरी हिंदी केलं, या बसा चहा घ्या. मी फोनवर हसतेय त्यांना कळेना का. मग त्यांना एकदम सुचलं. म्हणाल्या नुसतं कॅपिटल ए आणि कॅपिटल आय लिहू, मशीनला वाटेल ही आद्याक्षरं आहेत आणि ते एकेक अक्षर सुटं वाचेल. आणि जर्मन मुळाक्षरांत ए चं नाव 'आ' आणि आय चं नाव 'ई'. मशीन म्हणालं, आ ई. स्वच्छ, सुटं, ई नीट लांब. सांगलीत माझ्या शाळेच्या बाईंनी पास केलं असतं.

फक्त आता लिखाणात ते एआय झालं. जर्मन लोक कृत्रिम बुद्धिमत्तेला केआय म्हणतात, त्यांच्या भाषेत बुद्धिमत्ता तीच पण कृत्रिमचं आद्याक्षर के, त्यामुळे त्या बाईंच्या काही डोक्यात आलं नाही, पण नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला विचारा. एआय, कुठेयस तू, म्हणत जंगलात फिरणारी मुलगी. ऑफिसात सांगितलं त्याने सगळ्यांना. शेवटी बाईंनी ऑडिओमध्ये वेगळं आणि छापील प्रतीत वेगळं असं हाताने करून दिलं, फॉर्ममध्ये तशी सोय नाहीये, त्यामुळे तुम्हाला हवं असेल तर फोनच करा. पैसे जास्तीचे घेतले नाहीत. जाता जाता म्हणाल्या की त्या स्वतः अजून आईला मुट्टीच म्हणतात, आई नव्वदीची आहे, आणि नातवंडं त्यांना हसतात.

बाबांच्या चौकटीत आम्ही 'अप्पा' टाकलं होतं, रोमनमध्ये, तमिळ पद्धतीने. पहिल्या फटक्यात छापलं, पहिल्या फटक्यात मशीनने बरोबर वाचलं. नवरा दोन दिवस छाती काढून फिरत होता.

पण खरी अडचण मला ऑडिओची वाटलीच नाही, ती तर दुरुस्त झाली. अडचण ही की चौकट एकच आहे. फॉर्म धरून चालतो की एका मुलाला एक आई आणि त्या आईला एक हाक. दोन आया चालतात, दोन हाका चालत नाहीत. आमच्याकडे मुलगी मला घरात आई म्हणते. किटाच्या दारात मी न्यायला गेले की बाकीची पोरं ओरडतात, तुझी मामा आली, आणि ती पण मामा म्हणत पळत येते, कोपऱ्यावर सायकलपाशी पोचेपर्यंत मामा, सायकलवर बसली की आई, जणू काही तिथे बॉर्डर आहे. किटात पडली तर मामा म्हणून रडते असं तिथल्या ताई सांगतात, पण घरात पडली की 'आई गं'. ह्या 'आई गं'चं तर काही विचारूच नका, धाकटा बापाच्या मांडीवर बसून गुडघा आपटला तरी बापाकडे बघत आई गं करतो, आणि बाप तमिळमध्ये त्याला विचारतो की तिला कशाला, मी इथे बसलोय ना. आणि काही हवं असेल, चॉकलेट किंवा अजून एक कार्टून, तर मुलगी मला 'अम्मा' म्हणते, कारण अप्पा त्याच्या आईकडे काही मागताना कसा लाडात येतो ते तिने फोनवर ऐकलेलं आहे. पोरं काही चुकत नाहीत हो, त्यांना बरोबर माहिती असतं कुठली हाक कुठे चालते.

अम्माचा अजून एक घोळ आहे. सासूबाईंना नवरा अम्मा म्हणतो, मी पण अम्मा म्हणते, म्हणून मुलगी पण आजीला अम्माच म्हणायला लागली, पाट्टी म्हणायला तयारच नाही. सासूबाई आधी हिरमुसल्या, मग त्यांना आवडायला लागलं. माझ्या आईला हे ऐकून काहीच वाटलं नाही, कारण आमच्याकडे बाबा त्यांच्या आईला जन्मभर 'वहिनी' म्हणायचे. एकत्र कुटुंब, घरात धाकटे काका-आत्या सगळे वहिनी वहिनी करायचे, पोरांनी तेच उचललं. आमच्या ओळखीत आईला काकू म्हणणारे आहेत, ताई म्हणणारे आहेत, अक्का म्हणणारे आहेत, आता सगळे सत्तरीच्या पुढे. तिकडे कोकणात मालवणीत आवस, मराठवाड्यात माय, गावाकडे आये, आणि आता पुण्यात बघाल तर जिना उतरताना मम्मा मम्मा ऐकू येतं. त्यामुळे परदेशात राहून मुलांनी आईच म्हटलं पाहिजे, मामा म्हटलं की संस्कृती बुडाली असं जे आपल्या मंडळांच्या स्नेहसंमेलनात चहाच्या टेबलापाशी चालतं ना, त्या काकूंना मला नेहमी विचारावंसं वाटतं की तुमचे सासरे त्यांच्या आईला काय म्हणायचे.

इथे डॉक्टरकडे पण ह्याचा हिशोब होतो, गंमत सांगते. जर्मनीत बाळ जन्मलं की एक पिवळी वही मिळते आणि ठरलेल्या वयाला ठरलेल्या तपासण्या असतात. २१ ते २४ महिन्यांच्या तपासणीत मूल किती शब्द बोलतं ते बघतात, मामा आणि पापा सोडून निदान १० शब्द पाहिजेत. धाकट्याचं आत्ताच झालं. मी म्हटलं तो आई म्हणतो, अप्पा म्हणतो, आणि मामा पण म्हणतो, मामा हा माझा भाऊ. डॉक्टर थोडा वेळ वहीकडे बघत राहिले. शेवटी आई आणि अप्पा सोडले, मामा मोजला. भाऊ खूश, वहीत त्याची नोंद झाली.

पुस्तकाचं घरात वाचन कसं होतं तेही सांगते कारण रिव्ह्यूत ते पाहिजे. मी वाचते तेव्हा जर्मन मजकूर मनातल्या मनात मराठी करून वाचते, आई तेवढी छापलेली तशीच येते. नवरा वाचतो तेव्हा कितीही वेळा आई छापलेलं असलं तरी त्याच्या तोंडातून अम्मा येतं, आणि मुलगी, जिला अजून एक अक्षर वाचता येत नाही, बोट ठेवून त्याला सांगते की इथे आई लिहिलंय. म्हणजे त्या मोठ्या टायपातल्या तीन रोमन अक्षरांचा आकार तिने ओळखून ठेवलाय. तिने ओळखलेला पहिला छापील शब्द हा. देवनागरीत असता तर, जाऊ दे.

मग किटात खेळणं आणायचा दिवस असतो, त्या दिवशी ती हे पुस्तक घेऊन गेली. तिथल्या ताईंनी सगळ्यांना गोल बसवून वाचायच्या आधी तिला विचारलं हे कसं म्हणायचं, हे मला फार आवडलं, आणि तिने सांगितलं, आ, ई. वाचून झालं, आणि सगळ्या पोरांची समजूत अशी झाली की हे माझं नाव आहे. का नाही होणार, गोष्टीत जिला शोधतात तिचं नाव आई आणि चित्रातली बाई हुबेहूब मी, चष्म्यासकट. तेव्हापासून मी दारात गेले की डझनभर पोरं 'हालो आई!' करतात. एक लिओन आहे तो तर लांबून रस्त्यातून हाक मारतो, आई, आई, आणि बाजूला त्याची खरी आई उभी असते. मुलीला हे आधी मुळीच चाललं नाही, दोन-तीन दिवस ती सगळ्यांना सांगत होती की ती फक्त माझी आई आहे, आणि जर्मनमध्ये ते वाक्य बरोबरच होतं तरी पोरांना कळेना की नावाने हाक मारली तर हिचं काय बिघडलं.

मला आश्चर्य वाटत होतं पण तिथल्या तुर्की आईला काहीच वाटलं नाही. ती म्हणाली माझं तर रोजचंय. तुर्कीत आईला 'आन्ने' म्हणतात आणि रोमनमध्ये ते अगदी तसंच लिहितात जसं जर्मनमधलं आन्ना-आन्ने हे बायकांचं नाव. तिच्या मुलाच्या वाढदिवसाला पोरांनी दिलेल्या कार्डांवर पालकांनी तिला 'प्रिय आन्ने' म्हणून नाव घेऊन थँक यू लिहिलेलं. जर्मनी आणि तुर्कस्तानचा कामगार आणायचा करार १९६१ चा, म्हणजे साठ वर्षांहून जास्त झाली, तीन पिढ्या ह्या देशात आन्ने म्हणून हाका मारतायत, आणि तरी त्या पुस्तकाच्या यादीत मुट्टी आहे आणि आन्ने नाही. मग माझ्या 'आई' ह्या हाकेची काय कथा. ती तुर्की आई पण हे पुस्तक मागवणार होती, मी म्हटलं चौकटीत लिही बिनधास्त, पण ऑडिओ घेऊ नको आधी फोन कर.

किंमत ३४ युरो ९० सेंट, ऑडिओ वेगळं, डिलिव्हरी दीड-दोन आठवड्यांत, पॅकिंग पुठ्ठ्याचं आणि चांगलं. मे महिन्यात घेऊ नका. मातृदिनाच्या आधी किमती चढतात आणि उशीरही होतो. इथे तो मेच्या दुसऱ्या रविवारी असतो, १९२३ मध्ये फुलांच्या दुकानदारांच्या संघटनेने सुरू करून दिला, त्यामुळे त्याचं धंद्याचं रूप काही नवीन नाही. आपल्या पिठोरी अमावस्येला ऑगस्ट-सप्टेंबरात मागवा, तेव्हा त्यांचा सेल असतो आणि मातृदिन आपलाही होतो.

ज्यांच्याकडे मुलं मामा किंवा मम्मी म्हणतात त्यांनी डोळे मिटून घ्या. ज्यांच्याकडे आई म्हणतात त्यांनी छापील घ्या, ऑडिओसाठी फोन करा आणि झॅक्सनीच्या बाईंना विचारा. अम्मावाल्यांना काहीच अडचण येणार नाही, मशीन अम्मा छान म्हणतं. माझ्यासारखं दोन-तीन हाका असलेलं घर असेल तर कंपनीला मेल मात्र टाका, मी टाकलाय, की प्रत्येक पानावर वेगळी हाक घालायची सोय द्या, जंगलात एक, बाजारात दुसरी, त्यांच्या कोल्ह्याला काही फरक पडणार नाहीये. उत्तर आलंय की सूचना पुढे पाठवलीय.

आणि हे पुस्तक पुढे विकता येईल ह्या हिशोबाने घेऊ नका, इथे सगळे लहान मुलांच्या वस्तू जुन्या बाजारात काढतात म्हणून सांगते. परवा तसल्या बाजारात मला ह्याच कंपनीचं एक दिसलं, मुलीचं नाव एमा, हाक मामी, दोन युरो, आणि माझ्या डोळ्यांदेखत एका एमाच्या आईने ते उचललं, नाव बघून लगेच. आमच्या पुस्तकात मुलीचं नाव मराठी, बापाला अप्पा आणि आईला आई. नवरा म्हणाला पुण्यात एखादं गिऱ्हाईक मिळेल, पण त्यांना कोल्हा जर्मन बोलतो ते चाललं पाहिजे.